निम्मे-निम्मे नावाचा भ्रम

मे महिना आला की बंगळुरूतील मराठी कुटुंबांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी बारावीचे गुण महत्त्वाचे की सीईटीचे? कर्नाटक शासनाचे उत्तर ठरलेले आहे : दोन्ही समान. पीयूसीच्या दुसऱ्या वर्षातील भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणिताचे निम्मे, आणि सीईटीचे निम्मे. माझे म्हणणे असे की हे उत्तर कागदावर खरे आणि व्यवहारात खोटे आहे. केंद्र सरकारच्या नोकरीत बदलीबरोबर मुलांची परीक्षा मंडळेही बदलतात, त्यामुळे आमच्यासारख्यांच्या घरी हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. तरीही येथे मी तो पालक म्हणून नव्हे, तर प्रशासनाचा व अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मांडणार आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या 1993 च्या उन्नीकृष्णन निकालानंतर, 1994 पासून, कर्नाटकात सीईटीद्वारे प्रवेश सुरू झाले. हेतू स्वच्छ होता : देणगीच्या बाजारातून गुणवत्ता सोडवणे. त्या हेतूबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती बेरजेबद्दल.

दोन संख्यांना समान भारांश दिला म्हणजे अंतिम क्रमांकावर त्यांचा प्रभाव समान पडतो, असे आपण गृहीत धरतो. संख्याशास्त्राचा पहिला धडा याच्या उलट आहे. प्रभाव ठरतो तो गुणांच्या पसाऱ्यावरून. चांगल्या महाविद्यालयासाठी झुंजणारे विद्यार्थी बारावीत 90 ते 100 टक्क्यांच्या अरुंद पट्ट्यात दाटलेले असतात. सीईटीत मात्र तेच विद्यार्थी दूरदूर विखुरतात. एक काल्पनिक उदाहरण घ्या. पहिल्या विद्यार्थिनीला बारावीत 97 टक्के आणि सीईटीत 180 पैकी 99, म्हणजे 55 टक्के. दुसरीला बारावीत 91 टक्के आणि सीईटीत 117, म्हणजे 65 टक्के. बेरीज होते 76 आणि 78. पहिलीची बारावीतील सहा टक्क्यांची आघाडी मोठी आहे, पण ती भरून काढण्यास सीईटीचे अवघे 11 प्रश्न पुरतात. या परीक्षेत चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. चार पर्यायांचे 44 प्रश्न डोळे मिटून सोडवणाऱ्यालाही सरासरीने 11 गुण मिळतात! वर्षभराची लेखी उत्तरे आणि डोळे मिटून मारलेल्या खुणा यांना आपण 'समान भारांश' म्हणतो.

मग बारावीचे गुण निरुपद्रवी तरी आहेत काय? तेही नाही. एकाच वर्गातील दोन हुशार मुलांमधला फरक दाखवण्यास हे गुण अपुरे पडतात. परंतु दोन मंडळांमधला किंवा दोन वर्षांमधला गुणदानाचा फरक गुणवत्ता यादीत घुसवण्यास ते पुरेसे असतात. सीबीएसई असो, आयएससी असो वा राज्याचे पीयू मंडळ, टक्के जसेच्या तसे बेरजेत येतात. जे गुण सांगायला हवे ते सांगत नाहीत आणि जे सांगू नये ते मोठ्याने सांगतात, त्यांना आपण अर्धे आसन दिले आहे.

याचा प्रत्यय 2022 साली आला. करोनामुळे 2021 ची पीयूसी परीक्षा रद्द झाली होती. दहावीचे 45, अकरावीचे 45 व अंतर्गत मूल्यमापनाचे 10 टक्के या सूत्राने निकाल लागला आणि दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना 600 पैकी 600 गुण पडले. त्या वर्षी क्रमांक केवळ सीईटीवर लावले गेले. पुढच्या वर्षी याच तुकडीतील सुमारे 24 हजार विद्यार्थी पुन्हा सीईटीला बसले. परीक्षा प्राधिकरणाने निकालाच्या वेळी त्यांचे बारावीचे गुण मोजलेच नाहीत. उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी सप्टेंबर 2022 मध्ये हा निर्णय रद्द केला. अपिलात अखेर तडजोड निघाली : या विद्यार्थ्यांच्या प्रत्येक विषयातून सरासरी सुमारे सहा गुण वजा करावेत. क्रमांक पुन्हा लावले गेले. प्रवेशाचे वेळापत्रक कोलमडले ते वेगळेच. दोन वर्षांचे टक्के एकसारखे नसतात, हे शासनाला न्यायालयात मान्य करावे लागले. मग दोन मंडळांचे टक्के एकसारखे असतात, हे दरवर्षी कोणत्या आधारावर गृहीत धरले जाते?

हा रोग एकट्या कर्नाटकाचा नाही. तामिळनाडूने 2006 च्या कायद्याने अभियांत्रिकीची प्रवेशपरीक्षाच बंद केली, पण मंडळांच्या गुणांचे समानीकरण करून. केरळने 2025 साली परीक्षा उरकल्यावर समानीकरणाचे सूत्र बदलले. उच्च न्यायालयाने ते रद्द केले आणि क्रमांक जुन्या सूत्राने नव्याने लावावे लागले. आपल्या महाराष्ट्रात अकरावीच्या प्रवेशासाठी 2008 चे पर्सेंटाइल सूत्र आणि 2009 चा 90:10 चा कोटा, दोन्ही मुंबई उच्च न्यायालयात टिकले नाहीत. केंद्रानेही 2013 पासून जेईई मेनच्या क्रमांकात बारावीला 40 टक्के भारांश देऊन पाहिला आणि 2017 पासून तो काढून टाकला.

यावर सोपा उपाय सुचवला जातो : बारावीचे गुण काढूनच टाका. मला तो मान्य नाही. जेथे केवळ प्रवेशपरीक्षा मोजली जाते तेथे महाविद्यालयाचा वर्ग ओस पडतो आणि शिकवणीचा वर्ग भरतो. खानापूर तालुक्यातील मराठी शाळेतून येऊन पीयूला इंग्रजीत विज्ञान शिकणाऱ्या मुलीला महागडी शिकवणी कोठून मिळणार? तिच्या हाती महाविद्यालयातील शिक्षक आणि दोन वर्षांची मेहनत एवढेच असते. शिवाय सीईटी निर्दोष आहे असेही नाही. 2024 साली तिच्या पत्रिकांत अभ्यासक्रमाबाहेरचे 50 प्रश्न निघाले व ते मूल्यमापनातून वगळावे लागले.

येथील आंतरराष्ट्रीय शाळांतील पालक अलीकडे अमेरिकेच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट' परीक्षांचा विचार करतात, म्हणून त्यांचा उल्लेख करतो. तेथील निवडक विद्यापीठे प्रवेशात या परीक्षेच्या 1 ते 5 गुणांपेक्षा, विद्यार्थ्याने शाळेत किती कठीण विषय घेतले आणि त्यांत काय कमावले, याला सामान्यतः अधिक महत्त्व देतात. तरीही 2024 साली येल विद्यापीठाने एसएटीऐवजी हे गुणही चालतील असे जाहीर केले. कारण उघड आहे. शाळा कोणतीही असो, प्रश्नपत्रिकेचा दर्जा आणि तपासणीचे माप एकच, आणि उत्तरे काही अंशी लिहूनही द्यावी लागतात. शिकवलेल्या अभ्यासक्रमाची, पण सामाईक मापाची लेखी परीक्षा! आपल्याकडे बारावी लेखी आहे पण सामाईक नाही, आणि सीईटी सामाईक आहे पण लेखी नाही. या दोन अपुऱ्या मापांची बेरीज केल्याने एक पुरे माप तयार होत नाही.

तेव्हा माझ्या सूचना तीन आहेत.

(1) बेरजेपूर्वी दोन्ही घटक एका पट्टीवर आणावेत, म्हणजे सरासरीपासूनचे अंतर पसाऱ्याच्या प्रमाणात मोजावे. मंडळामंडळांतील व वर्षावर्षांतील फरक काढण्यास सीईटी हाच दुवा वापरावा : सीईटीत सारखे गुण मिळवणाऱ्यांना निरनिराळ्या मंडळांनी किती टक्के दिले, हे प्राधिकरणाच्या संगणकात आजच उपलब्ध आहे.

(2) सूत्र पीयूसीच्या पहिल्या वर्षाच्या आरंभी जाहीर व्हावे आणि परीक्षेनंतर त्याला हात लावण्याची मुभा कोणालाही नसावी.

(3) दरवर्षी निकालासोबत गुणांचा पसारा व प्रत्येक घटकाचा प्रत्यक्ष प्रभाव प्रसिद्ध करावा.

यासाठी नवा कायदा लागत नाही, नवी इमारत लागत नाही, मोठा खर्चही लागत नाही. लागते ती एक कबुली की सम भारांश म्हणजे समन्याय नव्हे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना आपण सांगतो की दोन वर्षांच्या अभ्यासाचे मोल निम्मे आहे. ते खरोखर निम्मे ठेवावे, नाहीतर किती ते सांगावे. नागरिकाला दिलेल्या शब्दाचे वजन तपासणे हे प्रशासनाचे कर्तव्य आहे, आणि ते त्याने न्यायालयाच्या आदेशाची वाट न पाहता करावे.