वाळवंटातील पाऊलवाट आणि परदेशी पाहुणा

"काका, जुलै महिन्यात काकूंना घेऊन या. आठ दिवस आमच्याकडे अ‍ॅशबर्नला विश्रांती घ्या, मग सारे मिळून पश्चिमेकडे जाऊ आणि ग्रँड कॅन्यनमध्ये उतरू." असे आमंत्रण आमच्या एका स्नेह्यांना त्यांच्या पुतण्याकडून आले. हा मुलगा अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात संगणकाच्या कामावर आहे. स्नेही आनंदले, परंतु दुसऱ्याच दिवशी वर्तमानपत्राचे एक कात्रण खिशात घालून आमच्या दारी हजर! कात्रणात मजकूर असा की, अमेरिकेच्या अकरा राष्ट्रीय उद्यानांत परदेशी माणसाला प्रवेशाच्या वेळी शंभर डॉलर जादा मोजावे लागतात. "आम्ही त्यांचे पाहुणे की गिऱ्हाईक?" असा त्यांचा सवाल होता.

मुलाबाळांकडे अमेरिकेला जाणारी घरे आता आपल्या बेटावर कमी नाहीत, म्हणून हा सवाल येथे थोडा सविस्तर पाहू.

अमेरिकेच्या गृहांतर्गत खात्याने २५ नोव्हेंबर २०२५ रोजी ही योजना जाहीर केली व १ जानेवारी २०२६ पासून ती अमलात आली. अकरा उद्यानांत ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस कॅन्यन, योसेमिटी, यलोस्टोन अशी जगप्रसिद्ध नावे आहेत. सोळा वर्षे व त्यावरील प्रत्येक अनिवासी व्यक्तीस नेहमीच्या प्रवेशशुल्काशिवाय शंभर डॉलर पडतात. आपल्या पैशात हे सुमारे साडेचार हजार रुपये होतात. वर्षभराचा पास घेतल्यास ही रक्कम दर वेळी द्यावी लागत नाही, पण पासाची किंमत तेथील रहिवाशास ८० डॉलर आणि परदेशीयास २५० डॉलर आहे. एकट्या माणसाला अकरांपैकी तीन उद्याने पाहायची असतील तर पास स्वस्त पडतो, एकच पाहायचे असेल तर नाही. रहिवासी कोण, हे ओळखपत्रावरून ठरते आणि त्यासाठी राज्याचा वाहन परवाना चालतो. म्हणजे व्हर्जिनियाचा परवाना खिशात असलेला पुतण्या घरचा आणि मॉरिशसचा पासपोर्ट हाती असलेले काका बाहेरचे.

यावर संतापण्यापूर्वी आपण आपल्या अंगणात पाहिलेले बरे. १ ऑक्टोबर २०२५ पासून आपल्याच सरकारने बारा वर्षांवरील परदेशी प्रवाशांकडून रात्रीमागे तीन युरो घ्यायला सुरुवात केली. भारतात तर ही रीत जुनीच आहे. ताजमहालाला भारतीयास ५० रुपये आणि परदेशीयास ११०० रुपये, अजिंठा-वेरूळला ४० आणि ६००. पूर्वजांची भूमी पाहायला गेलेल्या आपल्या कितीतरी मंडळींनी तेथील खिडकीवर "पण आम्हीही मराठीच!" असे सांगून पाहिले आहे, आणि खिडकीतल्या कारकुनाने शांतपणे पासपोर्टच्या रंगाकडे बोट दाखविले आहे. ज्यांच्याकडे ओसीआय कार्ड आहे त्यांना मात्र भारतीय दर लागतो. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू आपल्याकडे आल्या असता सातव्या पिढीपर्यंतच्या वंशजांस हे कार्ड मिळण्याची सोय जाहीर झाली. महाराष्ट्रातील गडकिल्ले पाहण्याची इच्छा असणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानी ठेवावी. रायगड, राजगड, प्रतापगड यांसह बारा किल्ले जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले आहेत.

तेव्हा दोन दर असणे हा काही अमेरिकेने केलेला नवा अपराध नव्हे. देशाची उद्याने देशातील लोकांच्या करांवर चालतात आणि बाहेरून येणाऱ्याने थोडे अधिक द्यावे, हे म्हणणे आम्हाला अयोग्य वाटत नाही. आमचा आक्षेप वेगळ्या जागी आहे. अधिक पैसे घेणाऱ्याने त्या बदल्यात अधिक काळजी घ्यावी, निदान पूर्वीइतकी तरी घ्यावी. आणि नेमके या वर्ष-दीड वर्षात काय घडले?

फेब्रुवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेतील सुमारे एक हजार नवशिक्या कर्मचाऱ्यांना एका फटक्यात कामावरून काढले, मग न्यायालयाच्या आदेशाने परत घेण्याची पाळी आली. त्याच वर्षी जुलैमध्ये उद्यान संवर्धनाचे काम करणाऱ्या एका जुन्या राष्ट्रीय संस्थेने हिशेब मांडला की, जानेवारीपासून कायम नोकरवर्ग जवळजवळ चोवीस टक्क्यांनी घटला आहे. पुढे १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर असे त्रेचाळीस दिवस सरकारी कामकाज ठप्प झाले. सेवेचे सुमारे दोन तृतीयांश लोक बिनपगारी घरी बसले, परंतु बहुतेक उद्यानांचे रस्ते व पाऊलवाटा उघड्या ठेवल्या गेल्या. दुरुस्तीची तुंबलेली कामे सुमारे तेवीस अब्ज डॉलरची आहेत. शुल्काचा निदान ऐंशी टक्के भाग ज्या त्या उद्यानातच खर्च व्हावा असा २००४ चा कायदा आहे, ही चांगली गोष्ट. पण पैसा आला तरी पाऊलवाटेवर उभा राहणारा माणूस त्याच दिवशी निर्माण होत नाही.

वाळवंटात हा माणूस फार महत्त्वाचा असतो. आपण ल पूस चढतो, ब्लॅक रिव्हरच्या रानात फिरतो; तेथे धाप लागली तर माणूस परत फिरतो आणि उताराने घरी येतो. ग्रँड कॅन्यनचा डोंगर उलटा आहे. सकाळी ताजेतवाने असताना उतरायचे आणि दुपारी थकल्यावर चढायचे. ब्राइट एंजल नावाची प्रसिद्ध वाट दक्षिण काठावरून कोलोरॅडो नदीपर्यंत सुमारे तेराशे मीटर खाली जाते. आपल्या बेटाचे सर्वांत उंच शिखर आठशे अठ्ठावीस मीटरचे, म्हणजे त्याच्या दीडपटीहून अधिक! उन्हाळ्यात तळाशी सावलीतही तापमान ४५ अंश सेल्सियसच्या पलीकडे जाते. म्हणून सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत आतील वाटेवर चालू नये, असे उद्यानाचे अधिकारी बजावतात. उतरायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला धरावा, हा तेथील साधा हिशेब. नुसते पाणी ढोसूनही भागत नाही. घामाबरोबर मीठ जाते आणि पोटात फक्त पाणी राहिले तर माणूस भ्रमिष्ट होऊन पडतो. आपल्या आजीचे लिंबू, मीठ, साखरेचे सरबत आणि मूठभर खारे शेंगदाणे येथे उपयोगी पडतात.

पाण्याची बातमी तर रोजच्या रोज विचारावी लागते. दक्षिण काठाला पाणी पुरविणारी साडेबारा मैलांची नळवाहिनी १९६० च्या दशकात घातलेली; २०१० पासून ती पंचाऐंशीहून अधिक वेळा फुटली. ऑगस्ट २०२४ मध्ये चार ठिकाणी फुटल्यामुळे तेथील मुक्कामाच्या जागा बंद कराव्या लागल्या आणि डिसेंबर २०२५ मध्ये तोच प्रकार पुन्हा घडला. नव्या वाहिनीचे काम चालू आहे.

आणि आग. ४ जुलै २०२५ रोजी उत्तर काठावर वीज पडून वणवा लागला. तो प्रथम नुसता आवरून धरण्याचे धोरण ठेवले होते. आठवडाभराने वारा फिरला आणि वणव्याने जुने ग्रँड कॅन्यन लॉज इतर डझनावारी इमारतींसह खाक केले. १९३२ साली एकदा जळून १९३७ साली पुन्हा उभे राहिलेले हे लॉज होते. अ‍ॅरिझोनाच्या गव्हर्नर केटी हॉब्ज यांनी स्वतंत्र चौकशीची मागणी केली. शेवटी सुमारे एक लाख पंचेचाळीस हजार एकर क्षेत्र जळाले.

या बाबतीत फिनिक्स शहराचे उदाहरण घेण्याजोगे आहे. शहराच्या मधोमध कॅमलबॅक हा उंटाच्या पाठीसारखा डोंगर आहे आणि त्यावर जायला एक पैसाही पडत नाही. तेथे उष्माघाताने पडलेल्यांना खाली आणताना अग्निशामक दलाचे जवानच आजारी पडू लागले. तेव्हा २०२१ पासून, अति उष्म्याचा इशारा असेल त्या दिवशी कॅमलबॅक व पिएस्टेवा या शिखरांच्या वाटा दिवसाच्या कडक वेळेत बंद ठेवल्या जातात. निवासी असो वा परदेशी, फाटक सर्वांना सारखेच बंद. २०२३ साली त्या शहराने सलग एकतीस दिवस ४३ अंशांवर तापमान पाहिले आहे, त्यामुळे तेथे या नियमाला फारसा कोणी हसत नाही.

आता अ‍ॅशबर्नकडे वळू, कारण आमच्या स्नेह्यांचे विमान तेथे जवळच्या डलस विमानतळावर उतरणार. हे गाव वॉशिंग्टनच्या पश्चिमेस आहे. महाराष्ट्रातून गेलेली मराठी कुटुंबेही त्या परिसरात पुष्कळ आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेट्रो रेल्वे तेथपर्यंत आली. गावाभोवती खिडक्या नसलेल्या प्रचंड इमारती आहेत. त्यांत संगणक ठेवलेले असतात आणि जगाच्या दळणवळणाचा फार मोठा भाग त्यांतून जातो. उद्यानांचे वार्षिक पास २०२६ पासून संगणकी स्वरूपात मिळू लागले आहेत. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्तर व्हर्जिनियातील अशाच यंत्रणेत बिघाड झाला तेव्हा जगभर कितीतरी कामे अडली होती. शिवाय दरीच्या तळाशी फोन लागत नाही. पासाचे चित्र आधीच फोनमध्ये उतरवून घ्यावे आणि नकाशा कागदाचाच बाळगावा, असे आम्ही सुचवू.

अ‍ॅशबर्नहून तास-सव्वा तासाच्या मोटारीवर शेनानडोआ राष्ट्रीय उद्यान आहे. अकरांच्या यादीत त्याचे नाव नाही. तेथे परदेशीयासही तोच दर, मोटारीमागे तीस डॉलर, आणि तो सात दिवस चालतो. एकशे पाच मैलांचा डोंगरमाथ्यावरचा रस्ता, दाट रान, झरे. ओल्ड रॅग नावाच्या खडकाळ डोंगरावर जायचे तर मार्च ते नोव्हेंबर या काळात आगाऊ तिकीट काढावे लागते, कारण गर्दीने ती वाट झिजू लागली होती.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. शेनानडोआ १९३५ साली स्थापन झाले तेव्हा त्या डोंगरातील शेकडो कुटुंबांना घरे सोडावी लागली. ग्रँड कॅन्यनच्या वाटेवर जेथे आज थकलेले प्रवासी झाडाखाली बसतात, त्या जागेवरून हवासुपाई लोकांना हाकलले. त्यांतील शेवटच्या माणसाला १९२८ साली जावे लागले आणि त्या जागेला त्या जमातीचे नाव मिळायला २०२२ साल उजाडले. मजुरांच्या जहाजांतून आलेल्यांच्या आपण नातवंडांना, अशा डोंगराच्या फाटकावर "रहिवासी कोण?" ही विचारणा थोडी चमत्कारिक वाटणारच.

आमच्या स्नेह्यांना आम्ही एवढेच म्हटले की, शंभर डॉलरपेक्षा जुलै महिना महाग पडेल. साठी उलटलेल्या माणसाने जुलैत त्या दरीत उतरू नये. त्यांनी पुतण्याला कळविले आहे की, आम्ही ऑक्टोबरमध्ये येतो, झाडांना रंग चढलेला असेल तेव्हा आधी शेनानडोआ दाखव. मग पश्चिमेला जाऊन काठावरून दरी पाहू आणि त्या सकाळी नळाला पाणी असल्याची खात्री झाली तरच दीड मैलावरच्या पहिल्या विश्रांतिगृहापर्यंत उतरू. पुतण्याचे उत्तर आले आहे. काकूंचे बूट कोणत्या मापाचे, अशी त्याने विचारणा केली आहे.