रंग नवा, चेसी वाकडी

गेल्या आठवड्यात एक मुलगा नुकतीच घेतलेली सेकंडहँड गाडी घेऊन गॅरेजवर आला. म्हणाला, "काका, हँडल डावीकडे ओढतं." टाकीचा रंग आरशासारखा होता. मी पाहिली ती हँडलखालची मान. तिथे रंगाला केसासारखी चीर होती आणि हँडल वळताना अडवणारा लोखंडी ठोकळा चेपलेला. समोरून जोरात धडकलेल्या गाडीची ही खूण. फोर्कचे पाइप काढून सपाट काचेवर फिरवले, एक डगमगला. मग मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणून त्याला दाखवली. चाकं एका रेषेत नव्हती.

पाइप बदलता येतो. पण मानेपाशी तापवून सरळ केलेली चेसी मी रस्त्यावर सोडत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी. तापवलेलं लोखंड तिथे कमजोर होतं, आणि ब्रेकचा सगळा झटका तिथेच बसतो.

खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची. मधे मालक बदलताना फॉर्म २९ आणि ३० भरतात, कागद जुळवतात. चेसीचा नंबर बघतात, चेसी कोण बघतं? नाव बदलण्याआधी दोरी लावून केलेली तपासणी सक्तीची करा. अर्ध्या तासाचं काम आहे.