जोडी सुटते तेव्हा

यंदाच्या स्नेहसंमेलनात आपल्या महाविद्यालयातील एक लोकप्रिय जोडी एकत्र गायली नाही. दोन वर्षे द्वंद्वगीते गाणाऱ्या त्या दोघांपैकी मुलीने एकटीने गायचे ठरवले. लगेच कुजबुज सुरू झाली. ज्याने रंगमंचावर आणले त्यालाच विसरली, हिला शिंगे फुटली! त्या कुजबुजीत प्रस्तुत लेखकाचाही आवाज होता. डॉली पार्टनची एक जुनी ध्वनिमुद्रिका ऐकल्यापासून मात्र आपलेच ते शब्द आपल्याला बोचू लागले आहेत.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील खेड्यापाड्यांतून वाढलेल्या कंट्री संगीतात डॉलीचे नाव मोठे आहे. टेनेसीतील एका गरीब घरातील बारा भावंडांपैकी ती एक. 1967 मध्ये पोर्टर वॅगनर यांनी तिला आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात घेतले. त्यांची द्वंद्वगीते घरोघरी पोहोचली. हे उपकार खरेच होते आणि डॉलीने ते कधी नाकारले नाहीत. 1974 मध्ये सोडलेल्या या कार्यक्रमाच्या निरोपादाखल तिने जे गीत रचले, ते ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’. पुढे 1992 मध्ये व्हिटनी ह्यूस्टनच्या आवाजात ते जगभर गेले. एवढा गोड निरोप कोणत्या गुरूला मिळाला असेल?

पण निरोप घेतला म्हणजे सुटका झाली, असे नव्हे. तिच्या ध्वनिमुद्रणावर वॅगनर यांचा हात राहिलाच. 1976 च्या ‘ऑल आय कॅन डू’वर निर्माते म्हणून दोघांची नावे आहेत. गाणे तिचे, पण ते कसे वाजावे हे ठरवताना दुसऱ्याचा शब्द होताच. 1977 च्या ‘न्यू हार्वेस्ट... फर्स्ट गॅदरिंग’मध्ये ही स्थिती पालटली. ग्रेग पेरी यांच्या साहाय्याने निर्मितीची सूत्रे तिने स्वतःकडे घेतली. नवी सुगी, पहिली वेचणी! माझ्या मते तिचे एकटीचे गाणे खऱ्या अर्थाने येथे सुरू झाले.

ही ध्वनिमुद्रिका निर्दोष नाही. इतरांची दोन गाजलेली गाणी तिने त्यात घेतली आहेत. तेथे डॉली कमी आणि हौस अधिक दिसते. पण ‘ॲपलजॅक’ ऐकावे. बँजो वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्याची आठवण त्यात आहे आणि साथीला रॉय एकफ, किटी वेल्स अशी नॅशव्हिलची बुजुर्ग मंडळी गायली आहेत. स्वतंत्र झाल्याबरोबर तिने ज्येष्ठांना पाठ दाखवली नाही; उलट त्यांना आपल्या अंगणात बोलावले.

वॅगनर यांनी 1979 मध्ये तिच्यावर कराराबद्दल दावा लावला. तो न्यायालयाबाहेर मिटला आणि पुढे दोघांचा स्नेहही जुळला. कटुता आली ती उपकार विसरल्यामुळे नव्हे, तर उपकाराचा हिशेब मांडल्यामुळे, असे म्हणावेसे वाटते.

कृतज्ञता ही मनाची गोष्ट आहे. तिची दावण करून कुणाला खुंट्याला बांधता येत नाही. आपल्या त्या मैत्रिणीचे एकटीचे गाणे यंदा थोडे डळमळले, हे खरे. पहिली वेचणी अशीच असायची. पुढच्या संमेलनात ती गाईल तेव्हा निदान एक श्रोता मागच्या रांगेत कुजबुजणार नाही, पुढे बसून ऐकेल.

— तृतीय वर्ष, कला