अनुदान मंजूर, यादीत नाव, तरी खातं कोरडंच : अतिवृष्टीचा पैसा नेमका अडतो कुठे?

अतिवृष्टीच्या अनुदानाचा मेसेज शेजाऱ्याच्या मोबाईलवर पडतो, आपल्या मोबाईलवर पडत नाही. मग फेरे सुरू होतात. तलाठी म्हणतात, यादी वर पाठवली, तहसीलला विचारा. तहसीलमध्ये सांगतात, आमच्याकडून रक्कम गेली, बँकेत बघा. बँकेतला क्लार्क पासबुक भरून देतो आणि म्हणतो, इथं काहीच आलेलं नाही. गंमत अशी की बऱ्याचदा तिघंही खरंच बोलत असतात, अन् तरीही शेतकऱ्याच्या हातात पैसा नसतो.

घोषणा किती, हातात किती?

आधी रकमेचा घोळ समजून घेऊ. ७ ऑक्टोबर २०२५ ला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात कोरडवाहूला हेक्टरी १८,५००, हंगामी बागायतीला २७,००० आणि बागायतीला ३२,५०० असे आकडे सांगितले गेले. हे आकडे दोन भागांची बेरीज आहेत. पिकाच्या नुकसानीचे अनुक्रमे ८,५००, १७,००० आणि २२,५०० रुपये, अधिक रब्बीच्या बियाणं-खतासाठी हेक्टरी १०,००० रुपये. मर्यादा ३ हेक्टरपर्यंत. नुकसान ३३ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तरच मदत.

दोन्ही रकमा एकाच वेळी खात्यावर पडतात असं नाही. समजा दोन एकर, म्हणजे साधारण ८० आर कोरडवाहू सोयाबीन पाण्यात गेलं. तर पिकाच्या नुकसानीचे होतात ६,८०० आणि रब्बीचे ८,०००. खात्यावर ६,८०० दिसले की "साहेबांनी पैसे कापले" अशी ओरड पारावर होते. ती दरवेळी खरी नसते. आपलं क्षेत्र पंचनाम्यात किती लागलंय, हे यादीत बघितलं की हिशेब कळतो. क्षेत्रच कमी लागलं असेल, तर तक्रार बँकेत नाही, तलाठी आणि तहसीलकडे करायची.

एक आधार, एकच बँक

पूर्वी यादीत खाते क्रमांक लिहून दिला की काम व्हायचं. आता रक्कम थेट लाभ हस्तांतरणाने, म्हणजे डीबीटीने येते. इथं खाते क्रमांक नाही, आधार क्रमांक चालतो. कोणत्या आधारला कोणती बँक जोडलेली आहे, याची नोंद एनपीसीआय या संस्थेकडे असते. एका आधारपुढे एकाच बँकेचं नाव राहतं, आणि जी बँक सगळ्यात शेवटी जोडली तिचंच राहतं. पैसा तिकडेच जातो.

घोळ इथंच होतो. शेतकऱ्याचं एक खातं जिल्हा बँकेत, एक पीक कर्जामुळे राष्ट्रीयीकृत बँकेत, एक जनधनचं, आणि एखादं सिमकार्ड घेताना किंवा बाजारात कुणीतरी टेबल टाकून अंगठा घेऊन उघडलेलं. हे शेवटचं खातं आपल्या ध्यानातही नसतं. २०१७ मध्ये एका मोबाईल कंपनीच्या पेमेंट बँकेत लाखो ग्राहकांची गॅस सबसिडी त्यांना न विचारता वळल्याचं प्रकरण देशभर गाजलं होतं. आजही पैसा "हरवला" असं वाटतं, तेव्हा तो पुष्कळदा अशाच विसरलेल्या खात्यात पडून असतो.

दुसरी गफलत शब्दाची आहे. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे आधार लिंक झालं, असं लोक समजतात. ती झाली केवायसी. डीबीटीसाठी "आधार सीडिंग"चा वेगळा संमती अर्ज भरावा लागतो. आधारच्या वेबसाइटवर "बँक सीडिंग स्टेटस" बघितलं, की कोणती बँक जोडलेली आहे ते एका मिनिटात कळतं. त्यासाठी आधारला मोबाईल नंबर जोडलेला हवा. यादीतल्या विशिष्ट क्रमांकावरून ई-केवायसी करायला धावण्याआधी हे बघणं जास्त कामाचं. शिवाय ज्यांचा फार्मर आयडी निघालाय, त्यांना या वेळी ई-केवायसीतून सूट देण्यात आली.

सामाईक सातबारा असेल तर सहहिस्सेदारांचं संमतीपत्र लागतं, आणि खातेदार मयत असेल तर वारस नोंद. भावाभावांत बोलणं नसलं की मदत तिथंच थांबते. त्यावर कुठल्याही पोर्टलचा इलाज नाही.

पैसा आला, पण बँकेने धरला

खात्यावर पैसे दिसतात, पण काढता येत नाहीत, ही तक्रार दर दुष्काळात, दर अतिवृष्टीत होते. पीक कर्ज थकलेलं असलं की बँक खात्याला होल्ड लावते. मदतीच्या रकमेतून कोणतीही वसुली करू नये, असं शासन निर्णयातच लिहिलेलं असतं. तो निर्णय छापून सोबत जोडावा, शाखाधिकाऱ्याच्या नावाने लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी भांडणाला बँकेत किंमत नसते. ऐकलं नाही तर तहसीलदार आणि अग्रणी बँकेचे जिल्हा व्यवस्थापक यांच्याकडे प्रत द्यावी.

दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं. पण १ एप्रिल २०२४ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार सरकारी योजनांच्या लाभासाठी उघडलेलं खातं त्या कारणाने निष्क्रिय ठरवता येत नाही. इतर निष्क्रिय खातं चालू करायलाही फी घेता येत नाही.

गावातल्या केंद्रावर अंगठ्याने पैसे काढताना पावती घेतल्याशिवाय उठू नये. "व्यवहार फेल झाला, परत अंगठा लावा" असं कुणी म्हटलं, तर आधी शिल्लक तपासावी. पैसे खरंच कापले गेले आणि हातात आले नाहीत, तर पाच दिवसांत परत जमा व्हायला हवेत. पुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० वर फोन करावा.

दोष कुणाचा?

डीबीटीने मधले हात कमी केले, हे मान्य करायला हवं. चेक वाटपाच्या काळात काय चालायचं, ते जुन्या माणसांना ठाऊक आहे. पण पैसा का अडला, हे सांगायची जबाबदारी मात्र आता कुणाच्याच टेबलावर राहिली नाही. महसूल, बँक आणि आधार यांची माहिती वेगवेगळी, आणि ती जुळवायचं काम चारशे रुपये रोज बुडवून शेतकऱ्यानेच करायचं.

यावर उपाय महागडा नाही. यादी ग्रामपंचायतीत लागतेच. तिच्यात नावापुढे एक रकाना वाढवावा : पैसे गेले, तर कोणत्या बँकेत, आणि अडले, तर कशामुळे. तहसीलदार आणि बँकवाल्यांनी मंडळाच्या गावी एक दिवस एकत्र बसावं. कितीतरी प्रकरणं तिथल्या तिथं मिटतील.

कारण हा पैसा वेळेचा आहे. हरभऱ्याची पेरणी ओल असेपर्यंतच होते. अनुदान त्यानंतर आलं, तर तोवर बियाणं दुकानदाराकडून उधारीवर आणलेलं असतं, आणि सरकारने रब्बीसाठी दिलेले १०,००० त्या उधारीच्या व्याजात जातात.