मनीची शिकार व आपला न्याय

मांजर पाळावें, त्यानें उंदीर धरावा, परंतु तो घरांत मात्र आणूं नये, अशी आपणां सर्वांची अपेक्षा असते. ही अपेक्षा मांजरास कोणीं कळविलेली नसते.

गेल्या पावसाळ्यांत आम्ही उत्तरपत्रिका तपाशीत बसलों असतां आमच्या मनीनें एक जिवंत उंदीर आणून चटईवर सोडून दिला. तो पेटीखालीं शिरला. सारें घर केरसुणी व काठी घेऊन उभें राहिलें; मनी मात्र बाजूस बसून पंजा चाटूं लागली! रात्रीं तिनेंच त्याचा निकाल लाविला, व सकाळीं तिला वाटीभर दूध मिळालें. पुढें चार दिवसांनीं तिनें तशाच रीतीनें बुलबुलाचें एक पिलूं आणिलें. त्या वेळीं तिला केरसुणीचा मार मिळाला, आणि तो आम्हींच दिला. एकाच कृत्यास सोमवारीं बक्षीस व शुक्रवारीं शिक्षा, हा न्याय वर्गांत आमच्या विद्यार्थ्यांनीं एक दिवसही चालूं दिला नसता.

पिलाच्या अंगावर जखम दिसेना, म्हणून तें खोक्यांत ठेवून आम्ही निश्चिंत झालों. दुसऱ्या दिवशीं तें मेलेलें आढळलें. मांजराच्या दांतांवरील जंतु दिसूंही न येणाऱ्या छिद्रांतून पक्ष्याच्या रक्तांत शिरतात व औषधावांचून तो बहुधा वांचत नाहीं, हें आम्हांस मागाहून कळलें. तेव्हां मुलांनो, असा पक्षी हातीं आल्यास त्याच्या चोचींत पाणी ओतीत बसूं नका. भोकें पाडलेल्या खोक्यांत, अंधारांत ठेवून त्याच दिवशीं पशुवैद्याकडे न्या. उंदीर असेल तर मनीस कोंडावें, बाहेरचें दार उघडावें, आणि त्याला उघड्या हातानें धरूं नये.

कित्येक म्हणतात, मांजर धन्यास भेट आणितें. कल्पना गोड आहे, पण आम्हांस ती पटत नाहीं. मांजरी आपल्या पिलांपुढें आधीं मेलेलें व मग जिवंत भक्ष्य आणून त्यांस शिकार शिकविते. शिवाय सांपडलेलें भक्ष्य निर्धास्त जागीं नेण्याची तिची खोड असते, आणि तिची निर्धास्त जागा म्हणजे आपलें घर. सायप्रस बेटावर मनुष्याशेजारीं पुरलेलें सुमारें ९,५०० वर्षांपूर्वींचें मांजर सांपडल्याचें २००४ सालीं प्रसिद्ध झालें. धान्याच्या कोठारांतील उंदरांसाठींच मनुष्यानें या प्राण्यास जवळ येऊं दिलें. आतां त्याच गुणाबद्दल त्यास दुष्ट म्हणणें आम्हांस शोभत नाहीं.

तर मग पक्षी मरूं द्यावे काय? मुळींच नाहीं. न्यू झीलंडमधील स्टीफन्स बेटावर दीपगृहाबरोबर मांजरें आलीं. तेथील एक चिमुकला, न उडणारा पक्षी १८९४ सालीं शास्त्रज्ञांस ठाऊक झाला आणि थोड्याच काळांत नाहींसा झाला. मांजरें तेथें पोहून गेलीं नव्हतीं! तीं नेणाऱ्यांवरच त्याची जबाबदारी येते, आणि घरोघरींही आमचें मत तेंच आहे.

एक्झिटर विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, मांस अधिक असलेल्या धान्यरहित आहारानें घरीं आणिलेली शिकार ३६ टक्क्यांनीं, आणि रोज ५ ते १० मिनिटें खेळविल्यानें २५ टक्क्यांनीं घटली. गळ्यांतील घंटेनें मात्र फरक दिसला नाहीं. ती कोण बांधणार म्हणून उंदरांनीं उगीच सभा भरविली म्हणावयाची. आपल्याकडे मांजर दूधभातावर पोसण्याची रीत आहे. पालकांनीं तींत थोडी मासळीची भर घालावी, व विणीच्या दिवसांत पहांटे आणि तिन्हीसांजेस मांजर घरांतच ठेवावें, अशी आमची विनंती आहे. दोरीला चिंधी बांधून खेळविण्याचें काम मुलें न सांगतां करितील.

आमच्या घरीं आतां हाच नेम आहे. तरी परवां मनीनें एक जिवंत पाल आणिली. आम्हीं मनीस स्वयंपाकघरांत कोंडलें, दार उघडलें, व पाल गेल्यावर पुन्हां उत्तरपत्रिका हातीं घेतल्या. मनीला दूधही मिळालें नाहीं आणि मारही नाहीं.