रंग कुणाचा घेतलाय?

गेल्या वीकेण्डला आमची गँग अलिबागच्या बीचवर पडीक होती आणि मी मात्र रेवदंड्याला मामेबहिणीचं बाळ बघायला गेले होते. बाळ जेमतेम तीन दिवसांचं, आदल्याच दिवशी घरी आलेलं. नाक कुणाचं, कान कुणाचे हा नेहमीचा प्रोग्रॅम जोरात सुरू होता. आणि अर्थातच रंग! ‘‘सावळाय, पण उजळेल हो,’’ इति आजी. बाळंतिणीच्या खोलीत खिडक्या बंद, वर पिवळा बल्ब, बाळाच्या डोळ्यांत भरपूर काजळ. टिपिकल सीन!

तेवढ्यात आशाताई आल्या. त्यांनी बाळाला उचललं आणि सरळ पडवीत, उजेडात आणलं. काजळ पुसून डोळ्यांतला पांढरा भाग बघितला, मग हिरड्या. कपाळ बोटाने हलकेच दाबून सोडलं. तिथे पिवळटपणा! ‘‘दूध नीट पितोय का?’’ ताई म्हणाली, ‘‘सकाळपासून उठवून पाजावं लागतंय.’’ पंधरा मिनिटांत आम्ही रिक्षात.

पूर्ण दिवसांच्या शंभरातल्या साठेक बाळांना पहिल्या आठवड्यात कावीळ दिसते. जुन्या लाल पेशी तुटून बिलिरुबिन तयार होतं आणि नवखं लिव्हर ते पटापट बाहेर टाकू शकत नाही. बहुतेकांची कावीळ आपोआप जाते. पण बिलिरुबिन फार वाढलं तर ते मेंदूत शिरतं. मग बहिरेपणा किंवा सेरेब्रल पाल्सी, तीही कायमची. ते वाढतं तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, म्हणजे नेमकं घरी आल्यावर. आणि सावळ्या त्वचेवर पिवळेपणा चटकन दिसतच नाही.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी टॉर्चसारखं एक यंत्र बाळाच्या कपाळाला टेकवलं. क्लिक! ना सुई, ना रडारड. कॅमेऱ्यांमुळे आपल्याला माहीत असलेल्या मिनोल्टाचं असं यंत्र जपानमध्ये १९८० सालीच आलं होतं. त्वचेत सोडलेल्या प्रकाशातला निळा भाग बिलिरुबिन शोषून घेतं, त्यावरून अंदाज बांधायचा. मला तर जाम भारी वाटलं. पण पाठोपाठ टाचेतून रक्त घेतलंच!

‘‘मग यंत्र कशाला?’’ माझ्यातली पत्रकार जागी झाली. डॉक्टर हसले. प्रकाश मेलॅनिनही शोषतं. यंत्र त्याची वजावट करतं, तरी गडद त्वचेवर आकडा थोडा चुकू शकतो, बरेचदा जास्तच दाखवतो. म्हणून यंत्राने चाळणी लावायची आणि आकडा उपचाराच्या रेषेजवळ आला की रक्ताने खात्री करायची. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०२२ची गाइडलाइनही हेच सांगते.

आमचं बाळ दोन दिवस निळ्या दिव्याखाली, डोळ्यांवर पट्टी बांधून मस्त झोपलं. आता ठणठणीत आहे. पण त्या दिवशी आशाताई आल्या नसत्या तर? कोवळ्या उन्हाच्या भरवशावर आम्ही आणखी दोन दिवस काढले असते, नक्की.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, बाळ बघायला जाल तेव्हा झबलं-टोपडं जरूर न्या, पण आधी खोलीची खिडकी उघडा. पहिल्या चोवीस तासांतच पिवळेपणा दिसला, तळवे-तळपाय पिवळे वाटले, बाळ दूध पीत नसेल किंवा सुस्त असेल, तर थेट डॉक्टर गाठा. रंग कुणाचा घेतलाय, ते बारशाला ठरवू!