दात्याचे मौन

आपल्या शहरात रक्तदान शिबिरांना तोटा नाही. पुढाऱ्याचा वाढदिवस येवो की मंडळाचा उत्सव, मंडप उभा राहतो आणि सायंकाळी किती पिशव्या जमल्या याचा आकडा ध्वनिक्षेपकावरून दुमदुमतो. या उत्साहास नावे ठेवण्याची आमची इच्छा नाही. पैसे घेऊन रक्त देण्याची पद्धत बंद करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिला. तेव्हापासून रुग्णांची भिस्त स्वेच्छेने दंड पुढे करणाऱ्या नागरिकांवर आहे.

परंतु सुई टोचण्यापूर्वी दात्याच्या हाती एक छापील प्रश्नावली येते. नुकतीच लस घेतली आहे काय? कोणते औषध चालू आहे? आणि येथे आमचा पदवीधर बांधव खुशाल ‘नाही’वर खूण करून मोकळा होतो! एका गोळीने काय बिघडते, असे तो म्हणतो. आकड्यासाठी आसुसलेला कार्यकर्ताही त्याचीच री ओढतो.

काय बिघडते ते पाहा. अ‍ॅस्पिरिनची गोळी रक्तातील प्लेटलेटांची एकमेकींस चिकटून रक्तस्राव थांबविण्याची शक्ती हिरावून घेते, आणि त्या प्लेटलेटांस ती त्यांच्या आठ-दहा दिवसांच्या आयुष्यात पुन्हा लाभत नाही. दात्यास याचा पत्ताही लागत नाही, कारण त्याच्या अस्थिमज्जेतून रोज नव्या प्लेटलेट येत असतात. पण त्याच्या पिशवीतील निकामी प्लेटलेट रक्तस्रावाने खचलेल्या रुग्णाच्या अंगी गेल्या, तर त्याने कोणाच्या तोंडाकडे पाहावे? वस्तुतः दात्याने गोळीचा उल्लेख केला, तर बहुधा त्याचे रक्त वायाही जात नाही. त्यातील तांबड्या पेशी दुसऱ्या रुग्णास देता येतात. मात्र हृदयविकारावरील गोळी रक्तदानासाठी परस्पर बंद करण्याचे साहस कोणीही करू नये.

लसींचेही असेच. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत धनुर्वाताच्या लसीनंतर १४ दिवस, तर गोवरासारख्या जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूंच्या लसीनंतर २८ दिवस थांबण्यास सांगितले आहे. कुत्रा चावल्यावर लस घेणाऱ्यास एक वर्ष थांबावे लागते. तेथे धास्ती लसीची नसून चाव्याची आहे. हे नियम म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. मार्च २०२१ मध्ये कोरोना लसीच्या शेवटच्या मात्रेनंतर २८ दिवसांची अट होती. तरुणांचे लसीकरण सुरू होताच रक्तटंचाईचे भय उभे राहिले आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात परिषदेने ती प्रत्येक मात्रेनंतर १४ दिवसांवर आणली. तथापि एकदा परत पाठविलेला दाता स्वतःस जन्माचा अपात्र समजून पुन्हा फिरकत नाही, हेही आम्ही पाहतो. त्यास पुन्हा येण्याची तारीख लिहून देण्यास कितीसा कागद लागतो?

आयोजकांस आमची सूचना अशी की, हे मुदतीचे कोष्टक निमंत्रणपत्रिकेवरच छापावे आणि प्रश्नोत्तरे पडद्याआड, डॉक्टर व दाता या दोघांतच व्हावीत. कचेरीतील साहेब शेजारी उभे असता आपल्या औषधांची यादी कोण वाचून दाखवील?